दुसऱ्या मजल्याच्या अलीकडे

न्यूमोनियातून उठलेल्या कवायतीच्या बाईंना डॉक्टरांनी बजावलं, "दोन महिने सगळं सावकाश." बाईंनी मान डोलावली आणि दोन महिन्यांचे आपल्या सोयीने आठ दिवस केले. तीस वर्षं त्यांनी शाळेतल्या मुलांना मैदानाभोवती पळवलं होतं. सावकाश हा शब्द त्या फक्त यजमानांबद्दल वापरत, तोही चिडून.

नवव्या दिवशी यजमान आंघोळीला गेलेले बघून बाई चपला सरकवून खाली उतरल्या. कोपऱ्यापर्यंत जाऊन आल्या. "जमलं की!" असं स्वतःशी म्हणाल्या खऱ्या, पण घर होतं तिसऱ्या मजल्यावर. पहिला मजला कसाबसा झाला. दुसऱ्याच्या अलीकडे पाय लटपटायला लागले, श्वास पुरेना. कठडा धरून त्या पायरीवर मटकन बसल्या. डोळ्यांत पाणी आलं. दमल्यामुळे कमी, रागाने जास्त.

तेवढ्यात यजमान उतरले. केस ओले, सदरा उलटा. आता आपल्याला बोलणी बसणार, म्हणून बाईंनी तोंड फिरवलं. ते शेजारी टेकले.

"ओरडा ना एकदाचे!"

"कशाला? मी रोज इथेच बसतो."

"रोज? कधी?"

"गुडघा बिघडल्यापासून. तू पिशव्या घेऊन भराभर वर जातेस ना, तेव्हा."

"चार वर्षं? मला वाटायचं, खाली गप्पा छाटत उभे राहता!"

"तसंच वाटू दिलं. तुझ्यापुढे दम खायची लाज वाटायची."

बाई हसायला गेल्या आणि खोकल्याची उबळ आली. यजमानांनी पाठीवरून हात फिरवला. "आता पाच पायऱ्या. मग पुन्हा बसू."

त्या दिवसापासून दोघं जोडीने उतरू लागली, जोडीने चढू लागली. मधेच ताप येऊन एक अख्खा आठवडा पाण्यात गेला. तेव्हा बाईंनी आदळआपट केली नाही असं नाही. पण ताप उतरल्यावर पुन्हा पाच पायऱ्यांपासून सुरुवात केली.

तिसऱ्या महिन्यात त्या अर्ध्या दिवसासाठी शाळेत रुजू झाल्या. मुख्याध्यापिकेने मैदानाच्या कडेला खुर्ची ठेवली होती. बाई क्षणभर खुर्चीकडे बघत राहिल्या, मग बसल्या. पाय सैल सोडून मुलांना म्हणाल्या, "पळायचं नंतर बघू. आधी एक फेरी नुसते चाला."