अकरा मिनिटांची ताई

मंदाकिनी माझ्यापेक्षा अकरा मिनिटांनी मोठी. आम्ही जुळ्या. या अकरा मिनिटांच्या जोरावर ती गेली एकसष्ट वर्षं माझ्या तोंडून 'ताई' ऐकायला टपून बसली होती. मी कधी म्हटलं नाही. लहानपणी आईनं धपाटे घातले, तरी नाही. अकरा मिनिटांत फार तर पोहे होतात, ताई होत नाही, हे माझं मत मी तिच्या लग्नात तिच्या सासूबाईंनाही ऐकवलं होतं.

दोघींचाही जन्म भोपाळातच गेला. तिचे यजमान कारखान्यात इंजिनिअर, म्हणून ती आधी बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये आणि मग इंद्रपुरीत. मी तुलसी नगरात राहून तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. गेल्या वर्षी तिचे यजमान गेले आणि तिचा मुलगा आशय पुण्याहून रोज फोन करू लागला, आई, आता इकडेच ये. शेवटी रविवारचं तिकीट निघालं, तेही एकेरी. मला ते अजिबात आवडलं नव्हतं, पण सांगणार कोण?

आदल्या दिवशी, शनिवारी, मराठी मंडळात आमचा दर महिन्याचा शब्दांचा खेळ होता. त्यातच तिचा निरोप समारंभ उरकायचा ठरला. खेळ सोपा आहे. फळ्यावर काही इंग्रजी अक्षरं लिहितात. ती त्याच क्रमानं, एकमेकांना चिकटून ज्यांत येतात असे पाच अक्षरी इंग्रजी शब्द पाच मिनिटांत कागदावर उतरवायचे. पंच काशिनाथराव. कारखान्याच्या तपासणी विभागात त्यांची हयात 'पास' आणि 'बाद' म्हणण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर ती हौस ते आमच्यावर भागवतात. मराठी मंडळात इंग्रजी खेळ कशाला, अशी कुरकुर झाली तेव्हा त्यांनीच एक नियम काढला. प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग मोठ्यानं वाचायचं, आणि फळ्यावरची अक्षरं सुटी न वाचता मराठीत एकत्र म्हणायची.

गेल्या महिन्यात फळ्यावर ए-एन-एन-ए होतं. 'सी, अण्णा', 'एम, अण्णा' असं वाचता वाचता सगळं मंडळ हसून लोळलं. सर्वांत जास्त मी हसले. मंदाकिनी मात्र हसली नव्हती, कसल्याशा विचारात होती. माझ्या डोक्यात तेव्हाच प्रकाश पडायला हवा होता.

शनिवारी अक्षरं निवडायचा मान तिचा. फळ्याकडे जाण्याआधी ती माझ्या खुर्चीपाशी आली.

"मंजू, पैज लावतेस? हरलीस तर सगळ्यांसमोर मला ताई म्हणायचं."

"आणि जिंकले तर?"

"तर जन्मात पुन्हा मागणार नाही. देवाशप्पथ."

इंग्रजीच्या खेळात आणि मी हरणार? मी लगेच हातावर हात मारला.

तिनं खडूनं लिहिलं, टी, ए, आय. मी शब्द पाहिले ते इंग्रजीच्या बाईंच्या डोळ्यांनी. स्टेअर, स्टेन, टेल्स, टेंट (तंबू नव्हे, कलंक), सगळीकडे माझ्या कानाला 'टे' ऐकू येत होतं. पाच मिनिटांत सहा शब्द झाले. शेजारी मंदाकिनी पेन तोंडात धरून छताच्या पंख्याकडे बघत होती. मला तिची कीवसुद्धा आली.

वेळ संपली. मी ऐटीत उभी राहिले. "स्टेअर. एस, टी, ए..."

"बाद!" काशिनाथराव कडाडले. "अक्षरं सुटी वाचायची नाहीत, मॅडम. नियम म्हणजे नियम."

मी फळ्याकडे पाहिलं. टी, ए, आय. मग मराठीत पाहिलं.

माझे कान तापले. मंदाकिनी हातातल्या कागदानं वारा घेत होती. गप्प बसले तर सगळे शब्द बाद, म्हणजे मी हरले, म्हणजे ताई म्हणायचं. वाचले तर ते वाचताना ताई म्हणायचं. या बाईनं दोन्हीकडून दार लावून घेतलं होतं.

"बोला, बोला," काशिनाथराव म्हणाले, "पुढेही लोक आहेत."

"एस," मी कागदात बघत म्हणाले, "ताई, आर."

"क्या बात है!" मागून कुणीतरी ओरडलं. "येस ताई म्हणाल्या!"

टाळ्या पडल्या. आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. एस, ताई, एन. एस, ताई, डी. ताई, एन, टी. ताई, एल, एस. शेवटचा शब्द टैगा, बर्फाळ प्रदेशातलं जंगल. तो आठवल्याबद्दल दोन मिनिटांपूर्वी मी स्वतःवर खूश होते.

"ताई, जी, ए."

"अरे वा, अब तो 'जी' भी लगा दिया!" हॉलमध्ये नुसता धुडगूस झाला. काशिनाथरावांनी सहाही शब्द पास केले आणि मंदाकिनीचा कागद मागितला. तिनं तो उलटसुलट करून दाखवला. कोरा होता.

"मंजू जिंकली," ती म्हणाली. डोळे पुसत होती. हसून पाणी आलं होतं की कशानं, मी विचारलं नाही.

रविवारी दुपारी स्टेशनवर तिनं मला शेवयांचा डबा आणि कुंडीतल्या तुळशीबद्दल पंधरा सूचना दिल्या. 'ताई'चा विषय काढला नाही. शब्द पाळत होती. तेच मला सहन होईना. एकसष्ट वर्षं जी कटकट वाटली, ती आता कुणी करणार नव्हतं.

गाडी हलली. मी मोबाइल काढून तिला एकच इंग्रजी शब्द पाठवला. रिटेन. आर, ई, ताई, एन. म्हणजे राखून ठेवणे.

लगेच उत्तर आलं. "सहा अक्षरं. बाद."

मग मात्र मी फोनच लावला. तिनं पहिल्याच घंटीला उचलला.

"ताई," मी म्हणाले. "पोचलीस की कळव."

ती पलीकडून ओरडली, "काय म्हणालीस? इथे रेंज नाहीये गं, परत म्हण!"

गाडीचा शेवटचा डबा अजून प्लॅटफॉर्मवरच होता.

मी परत म्हणाले.