निळ्या झग्याखालचं चिलखत

कोरिनचं वागणं मला मुळीच पटलेलं नाही. परवा तिची मुलगी ब्रिट्टा जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसली होती. फासे टाकत गोष्ट पुढे न्यायच्या खेळात मैत्रिणींसोबत खेळायला नवं पात्र बांधत होती. लढवय्यीही असावी आणि मंत्रही यावेत, असं काहीतरी पोरीच्या मनात होतं. तिने आईला विचारलं, "आई, दोन पेशे घेऊ का गं?" त्यावर या बाईने डबा उघडला, मला चिमटीत उचललं, पोरीच्या नाकासमोर धरलं आणि म्हणाली, "ही बघ. दोन पेशे धरले की असं होतं. चुकीची बांधली मी हिला. शेवटपर्यंत अर्धवटच राहिली. तू आपला एकच धर."

एवढं बोलून मला परत डब्यात टाकलं. ठेवलं नाही, टाकलं.

मित्रांनो, मी एक जुनी शिशाची सोंगटी आहे. उंचीने तुमच्या अंगठ्याएवढी. माझं नाव हेल्का. बिस्किटांच्या या पत्र्याच्या डब्यात माझ्याबरोबर सात राक्षस, दोन सांगाडे आणि एक पंख तुटलेला ड्रॅगन राहतात. सगळ्यांत थोरली मी, आणि मला विचारल्याशिवाय इथे कोणी कोणाच्या अंगावर कलंडत नाही. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. फाशावरचे आकडे मला वाचता येत नाहीत. फासा पडला की माणसांचे चेहरे बघायचे, एवढीच माझी विद्या. पण माझ्याविषयी कोणी खोटं बोललं तर ते मला बरोबर कळतं.

माझा जन्म भट्टीशेजारी झाला. वितळलेलं शिसं रबराच्या साच्यात ओतलं आणि क्षणभरात मी गार होऊन उभी राहिले. अंगावर कड्याकड्यांचं चिलखत, कमरेला तलवार, हनुवटी वर. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे अंगावर एक बारीक शिवण राहते. ती शिवण कोरिनने कानशीने घासून काढली. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. मक्याच्या शेतात उन्हाळाभर तुरे खुडून तिने मला विकत घेतलं होतं. चिलखताला तिने चंदेरी रंग दिला, आणि डोळे रंगवताना श्वास रोखून धरला. तरी डावा डोळा जरा मोठाच झाला. मी ते मनाला लावून घेतलं नाही.

आमचा खेळ चालायचा तळ्याकाठी, ऑस्टबीबाईंच्या दुकानात. गळाला लावायचं आमिष विकायचं ते दुकान. पुढच्या बाजूला गांडुळांचे डबे आणि आमिषाच्या बारक्या जिवंत माशांची बुडबुडणारी टाकी, मागच्या बाजूला आमचं गोल टेबल. दर शनिवारी दुपारी ऑस्टबीबाई आमच्या सूत्रधार व्हायच्या. राजे, राक्षस, वादळं, कुलूपबंद दरवाजे, सगळे त्यांच्याच तोंडून बोलायचे. मध्येच दाराची घंटा वाजली की त्या उठायच्या. "थांबा रे, राक्षस आहे तिथेच उभा राहील. गिऱ्हाईक आलंय." मग बर्फाला भोक पाडून मासे धरणारा एखादा म्हातारा दोन डझन मासळी घेऊन जायचा, आणि तोवर राक्षस गदा उगारून बिचारा ताटकळायचा.

टेबलाशी दुसरा होता लोरेन स्कार. त्याच्या बापाची दुभत्याची डेअरी होती. तो ताज्या चीजचे गोळे पिशवीभर आणायचा आणि तेच चघळत दुसऱ्याच्या चुका काढायचा. नियमांचं पुस्तक त्याला तोंडपाठ. त्याचं पात्र धर्मगुरूचं होतं, पण जीभ मात्र कसायाची.

आणि खुर्चीत बसलेले असायचे अँटनआजोबा, म्हणजे अँटन हाउगेन, कोरिनचे आजोबा. आदल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. हात सुधारला, पण बोलणं गेलं ते गेलंच. डोक्यात सगळं असायचं, शब्द ओठांशी येऊन अडायचे. घरी एकटे कसे ठेवायचे, म्हणून कोरिन त्यांना गाडीत घालून आणायची. पहिले काही शनिवार ते टाकीतले मासे बघत बसले. मग ऑस्टबीबाईंनी विचारलं नाही, सवरलं नाही, त्यांच्यापुढे एक फासा ठेवला. "हाउगेन, फुकट खुर्ची अडवायची नाही इथे. ठेंगू चोर हवाय आम्हाला. तुम्हीच व्हा."

सहा फूट उंचीचा म्हातारा आणि पात्र कमरेएवढ्या चोराचं! लोरेन हसून हसून खोकला. चोराचं नाव ठेवलं टिक. एकाच दमात म्हणता येण्यासारखं होतं म्हणून. पुढच्याच शनिवारी पहारेकरी मशाल घेऊन आला तेव्हा आजोबांनी टेबलाची कड धरली, मान लाल झाली, आणि शब्द बाहेर पडला. "ल...पतो." वर्षभरातला पहिला शब्द. कोरिन बाहेर जाऊन रडून आली. ऑस्टबीबाईंनी मात्र जराही न थांबता विचारलं, "कुठे लपता? पिंपामागे की जिन्याखाली?" कारण विचारलं की बोलावं लागतं. हे त्या बाईला कळत होतं.

आता माझ्या दोन पेशांची गोष्ट. मी लढवय्यी म्हणून पाचव्या पायरीवर पोचले होते. पण कोरिनने मला पहिल्या दिवशी घडवलं, तेव्हा फाशांनी मला ताकदीबरोबर बुद्धीही भरपूर दिली होती. लोरेन नेहमी टोचायचा, "एवढी बुद्धी आणि काम काय, तर दारं फोडायची! गाढवाला चष्मा घातल्यासारखं आहे." एका मार्चमधल्या दुपारी कोरिनने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, "ऑस्टबीबाई, हेल्काला जादूगार व्हायचंय."

त्या काळच्या नियमात माणूसजातीच्या पात्राला पेशा बदलता यायचा, पण एकदाच, आणि त्याची अट कडक होती. जुना पेशा जिथल्या तिथे सोडायचा. नवा पहिल्या पायरीपासून शिकायचा. नवा पेशा जुन्याच्या वर जाईपर्यंत जुन्या विद्येला हात लावायचा नाही. लावला, तर त्या मोहिमेत शिकलेलं सगळं शून्य. एकदा का नवा जुन्याच्या पुढे गेला, की मग दोन्ही आपले. तलवारही आणि मंत्रही.

"पाचवीवर बदलतेयस," लोरेन म्हणाला. "म्हणजे सहावी येईपर्यंत तू नुसती कागदी बाहुली. एखादा बेडूकही मारेल तुला."

"मारू दे. तुला काय करायचंय?"

"मला काय करायचंय? तुझ्या जखमा मलाच बांधाव्या लागणार!"

ऑस्टबीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कोरिन, नियम वाचलास? नीट?"

"तीनदा वाचला."

त्या संध्याकाळी जेवणाआधी कोरिनने माझ्या चिलखतावर निळा झगा रंगवला. जादूगाराला लोखंड चालत नाही ना! पण रंगाखालून कड्या दिसतच राहिल्या. अजूनही दिसतात. तलवार तर शिशातच ओतलेली, ती कुठे जाणार? ती निळ्या रंगाखाली कमरेलाच राहिली.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल शिकणं सोपं असतं. जिने पाच पायऱ्या पुढे उभं राहून घाव झेलले, तिला आता सगळ्यांच्या मागे उभं राहावं लागलं. दिवसाला एक मंत्र, तो संपला की हात जोडून बसायचं. आम्ही खरंच एका बेडकाला भ्यालो, आणि लोरेनने ते तीन महिने चघळलं. तलवारीकडे हात जायचा आणि कोरिन तो मागे घ्यायची. तसं पाहिलं तर दीड वर्ष मी दात ओठ खाऊन काढलं. दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत जादूची पाचवी पायरी संपत आली. आणखी एक मोहीम धड पार पडली की सहावी.

आणि हातात एकच शनिवार उरला होता. रविवारी कोरिन मॅडिसनला विद्यापीठात शिकायला जाणार होती.

त्या दिवशी आम्ही एका बुडालेल्या गिरणीत होतो. लोरेनचा धर्मगुरू निपचित पडलेला. माझे मंत्र संपलेले. टिक चाकाखाली अडकला होता आणि समोर दैत्य. दाराबाहेर पाऊल टाकलं की मोहीम पुरी होऊन माझी सहावी पायरी ठरलेली. दार माझ्या मागेच होतं.

"पळ," लोरेन म्हणाला. "डोकं वापर. तू बाहेर पडलीस की झालीस पूर्ण. दीड वर्ष वाट पाहिलीयस. टिक गेला तर आजोबा नवं पात्र बांधतील."

कोरिनने आजोबांकडे पाहिलं. नवं पात्र म्हणजे नवं नाव, नवा आवाज, नवे शब्द. टिकचे शब्द त्यांनी एकेक करून कमावले होते. दरवाजा, दोरी, हळू, मी आलो. आणि उद्यापासून त्यांच्या शेजारी ती नसणार होती. पुढच्या शनिवारी रिकाम्या कागदासमोर त्यांना एकट्याला बसवलं असतं, तर ते पुन्हा मासे बघायला लागले असते. हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

आजोबांनी टेबलाची कड धरली. मान लाल झाली. "प...पळ. पोरी. पळ."

कोरिनने मला उचललं. मला वाटलं, आता दाराकडे ठेवणार. तिने मला दैत्यासमोर ठेवलं. "हेल्का तलवार उपसते."

"अगं ए!" लोरेन ओरडला.

फासा गडगडत गेला. मी आकडा पाहिला नाही. लोरेनच्या हातातली पिशवी उलटली आणि चीजचे गोळे जमिनीवर सांडले, त्यावरून समजले. दैत्य कोसळला. आजोबा हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मग ऑस्टबीबाईंनी हिशेबाची पेन्सिल उचलली, आणि तशीच धरून ठेवली. तेव्हा कोण बोलावं? लोरेन! नियमांचा तो पहारेकरी!

"ऑस्टबीबाई, आजच्यापुरता राहू द्या ना नियम. ती उद्या चाललीय. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल," बाई म्हणाल्या, पण आवाजात नेहमीची धार नव्हती. तेवढ्यात घंटा वाजली. कोणाला तरी मासळी हवी होती. त्या गेल्या, आल्या, हात पुसले. "कोरिन, तूच सांग बाई."

कोरिन म्हणाली, "शून्य लिहा. मी नियम वाचूनच पेशा बदलला होता."

बाईंनी शून्य लिहिलं. मला वाचता येत नाही, पण तेवढं एक चिन्ह मी ओळखते. गोल असतं.

दुसऱ्या दिवशी कोरिन गेली. मला तिने आजोबांच्या हवाली केलं. आणि मित्रांनो, पुढचं जे घडलं ते तिने पाहिलेलं नाही. मी पाहिलंय.

आजोबा पुढचे तीन हिवाळे त्या टेबलाशी बसले. टिक पायऱ्या चढत गेला. माझी जागा त्यांनी टिकच्या शेजारी ठेवली होती. एका शनिवारी लोरेन वैतागला. "आता हेल्काला काढू या ना इथून. ना धड तलवारीची, ना धड मंत्राची. उगाच जागा अडवते."

आजोबांनी माझ्यावर तळहात ठेवला. केवढा मोठा हात! अंधारच झाला. वरून आवाज आला, सावकाश, एकेक शब्द दगडासारखा उचलून ठेवल्यासारखा. "नाही. ती पुरी आहे. मी होतो. तिथे."

मग लोरेनने मला उचललं, सदऱ्याच्या टोकाने माझ्या चेहऱ्यावरची धूळ पुसली आणि जागेवर ठेवलं. पुन्हा तो विषय त्याने काढला नाही.

आजोबा गेले तेव्हा ऑस्टबीबाईंनी आम्हा सगळ्यांना या डब्यात भरून कोरिनकडे पाठवलं. कोरिनने झाकण उघडलं, मला पाहिलं आणि लगेच बंद केलं. वीस वर्षं बंदच ठेवलं. मी तिच्यावर रागावले नव्हते. दुःखात माणूस डबे बंदच करतो. राग आला तो परवा.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी रंग उडालेली, मोडकी वस्तू कुठेतरी पडली असेल. तिला फसलेली म्हणण्याआधी हातात घ्या, धूळ पुसा, आणि ती कोणाच्या कामी आली होती ते घरातल्या मोठ्यांना विचारा. मोठी माणसं सहज सांगणार नाहीत. सोडू नका, पुन्हा विचारा.

आज दुपारी झाकण परत उघडलं. ब्रिट्टाचा फासा हरवलाय म्हणून कोरिन डब्यात एखादा जुना शोधत होती. केस पिकलेत तिचे. बोटं माझ्यापाशी आली आणि थांबली. सोंगट्यांचं बोलणं माणसांना ऐकू येत नाही म्हणतात. न येऊ दे. मी मोठ्याने, तिच्या तोंडावर सांगितलं:

"कोरिन, तू मला चुकीची बांधली नव्हतीस. चूक तू परवा केलीस, पोटच्या पोरीशी खोटं बोलून. बोलाव तिला इकडे. घेऊ दे तिला दोन पेशे. आणि कधी शून्य पडलंच, तर किती गेलं ते विचारू नकोस. कोणासाठी गेलं, एवढंच विचार."