बापूंची बेडकी

गाडीचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं, बॉनेटवर चकचकीत अक्षरांत लिहिलेलंही होतं, पण घरात तिला त्या नावानं कुणी कधी हाक मारली नाही. ती बेडकी. बुटकी, जमिनीला पोट टेकेल इतकी खाली बसलेली, दोनच दारं, लांबलचक नाक आणि वर आलेले दोन गोल दिवे. बापूंना दोन मुलं, ताई आणि धाकटा. ताई तेव्हा एवढीशी होती. तिनं गाडी पाहिली आणि विचारलं, "बापू, ही उडी मारते का हो?" झालं, नाव तिथंच पडलं.

आता कारखान्यात पत्रा दाबायचा प्रेस चालवणाऱ्या माणसाच्या दारात असली शर्यतीची गाडी आली कुठून, असं कुणीही विचारेल. तर मालकाच्या लाडक्या चिरंजीवांनी ती भिंतीवर घातली होती. चिरंजीवांना काही झालं नाही, भिंतीलाही फारसं नाही, गाडीचं नाक मात्र पार चेचलं आणि ती भंगाराच्या कोपऱ्यात जाऊन पडली. बापूंनी ती मागून घेतली. लोक फिदीफिदी हसले. बापूंचं आपलं चालूच. घराच्या बाजूच्या शेडमध्ये सुट्टी आली की ठोक ठोक, घास घास. शेवटी एक दिवस ती स्वतःच्या चाकांवर बाहेर आली, आणि मग तेच हसणारे "एक चक्कर मारू द्या की" म्हणत दारात घुटमळायला लागले.

काय ते दिवस होते! सुट्टीच्या सकाळी चौघं निघायचे ते थेट धरणाच्या भिंतीपर्यंत. मागची सीट म्हणजे नावाला सीट. ताई आणि धाकटा गुडघे हनुवटीला लावून बसायचे आणि एकमेकांना कोपरानं ढोसायचे. पुढे आई, बापूंच्या गुडघ्यावर हात ठेवून. हे बघून पोरं खुदुखुदू हसायची, कारण एरवी चारचौघांत आई बापूंच्या शेजारी उभीही राहायची नाही. मग ताई गायची. म्हणजे ती त्याला गाणं म्हणायची. धाकटा कानात बोटं घालायचा. पण गाणं संपलं रे संपलं की बापू पुढून "वा!" म्हणायचे आणि धाकट्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आई गेली आणि बापूंनी बेडकीवर ताडपत्री टाकली. किल्ली स्वयंपाकघराच्या खिळ्याला लटकली ती लटकलीच. कुणी विषय काढला तर म्हणायचे, "बघू." त्या बघूमध्ये वर्षांमागून वर्षं गेली. बापू खिडकीजवळच्या खुर्चीत बसायला लागले, सगळ्याला मान डोलवायला लागले, आणि ऐकायला तर जवळजवळ येईनासंच झालं. म्हातारपण, दुसरं काय, असं सगळे म्हणाले.

धाकट्याला मात्र ते खुर्चीतले बापू बघवेनात. स्वतः तो आता नावालाच धाकटा होता. टाळू चकाकत होती आणि लिफ्टच्या कंपनीत नवी पोरं त्याला काका म्हणत होती. त्यानं मनाशी एकच धरलं. बापूंनी पुन्हा एकदा, एकदाच का होईना, बेडकी चालवायची. हात अजून स्थिर होते, नजर ऑपरेशननंतर लख्ख झाली होती, पण हे आणखी किती दिवस टिकणार? त्यानं ताडपत्री ओढून काढली आणि कामाला लागला.

घरातल्यांचे हाल विचारू नका. न्हाणीघरात कार्बोरेटर भिजत पडलेला, जेवणाच्या टेबलावर दिव्यांच्या रिंगा, धाकट्याच्या अंगाला सदा पेट्रोलचा वास. त्यानं गंजलेला पत्रा कापून नवा जोडला, पुट्टी भरली, पॉलिशपेपरनं घासून घासून स्वतःच्या बोटांचे ठसे घालवले. "मी एकदा आजारीच पडते," त्याची बायको म्हणाली. "शेडमध्ये नेऊन टाका मला. तेवढीच तुमची सेवा मिळेल." तो हसला आणि पुन्हा गाडीखाली सरकला.

आणि गाडीखाली त्याला बापूंचे प्रताप दिसायला लागले. इंजिन बसवतात त्या जागी हादरे अडवणारं रबरच नाही! रबराच्या जागी लोखंडी ठोकळे, नीट कानस मारलेले, पण लोखंडच. सीटमध्ये स्पंज नाही, फळी, आणि वर घोंगडीचा पातळसा थर. गिअरच्या दांड्यावर मूठ म्हणून नागडा पितळी गोळा. आणि गाडीचा आरसा असताना त्याच्या खाली आणखी एक छोटा आरसा, थेट मागच्या सीटवर रोखलेला. "ह्यांना रबर मिळालं नसणार बिचाऱ्यांना," धाकटा स्वतःशीच म्हणाला. "आणि आमच्यावर हे पहारेकरी!"

इथं धाकट्याच्या धंद्याची गोष्ट सांगायला हवी. लिफ्ट सुरू झाली हे आतल्या माणसाला कळता कामा नये, हा त्याचा बाणा. नवी लिफ्ट बसवली की तो तिच्यात जमिनीवर काठोकाठ पाण्याचा पेला ठेवायचा आणि तळापासून माथ्यापर्यंत नेऊन दाखवायचा. एक थेंब सांडला तर त्या दिवशी जेवण गोड लागायचं नाही. असल्या माणसाच्या तावडीत ती खडखडणारी बेडकी सापडली. मग काय! त्यानं जाड नवं रबर टाकलं, गालिच्याखाली लोकरीचा जाड नमदा अंथरला, सायलेन्सर दुहेरी केला, सीट भरदार स्पंजची करून वर मऊ चामडं शिवून घेतलं. पितळी गोळा गेला, छोटा आरसा गेला, ठोकळे पत्र्याच्या डब्यात गेले.

दुपारी बापू शेडमध्ये येऊन स्टुलावर बसायचे. ठोकळे डब्यात पडलेले दिसले त्या दिवशी ते उठून उभे राहिले. "अरे, ते..." म्हणाले. धाकटा गाडीखालूनच ओरडला, "काळजी करू नका, सगळं नवं टाकतोय!" बापू थोडा वेळ त्याच्या बाहेर आलेल्या पायांकडे बघत राहिले आणि मग आत निघून गेले.

गाडी तयार झाली त्या सकाळी ताई मुद्दाम आली. बापूंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाढी गुळगुळीत केली होती. त्यांनी बेडकीभोवती एक फेरी मारली, रंगावरून पालथा हात फिरवला. "नवरीसारखी नटवलीस रे," म्हणाले, आणि धाकट्याला दोन बोटं उंच झाल्यासारखं वाटलं. बापू आत बसले. किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, असं सुरू झालं की शेजारच्या भिंतीवरचं मांजरही हललं नाही.

बापूंनी पुन्हा किल्ली फिरवली. कर्र्र! चालू इंजिनावर किल्ली फिरवल्यावर होतो तो आवाज. गाडीवाल्याच्या काळजावर करवत चालते तो.

"बापू, चालू आहे! चालू आहे!" मागे उभ्या असलेल्या धाकट्यानं बोंब ठोकली.

बापू जरा थांबले. पुन्हा किल्ली. पुन्हा कर्र्र. मग त्यांनी गिअरच्या मुठीवर तळवा ठेवला. तिथून उचलून समोरच्या पत्र्यावर ठेवला, मग सीटवर, मांडीजवळ. त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी किल्ली काढली, सावकाश बाहेर आले आणि ती धाकट्याच्या हातात ठेवली. "छान केलीस. आता तूच चालव," म्हणाले आणि घरात गेले.

धाकट्याचं डोकंच फिरलं. "बघितलंस? मान मोडून काम केलं, आणि ह्यांना काही म्हणजे काही नाही त्याचं!"

"वय झालंय रे त्यांचं," ताई म्हणाली.

"वय माझं नाही झालं? मी विचारतोच आता!"

तो तरातरा आत गेला. बापू खिडकीशी पाठमोरे बसले होते. तोंडाशी शब्द आले आणि धाकटा अडखळला. बापूंशी पाठीमागून बोलायचं नाही, समोर जाऊन बोलायचं, ही आईची शिस्त. वडीलधाऱ्यांचा मान, ती म्हणायची, आणि न पाळणाऱ्याला धपाटा घालायची. इतक्या वर्षांनीही पाय आपोआप वळसा घालून समोर गेले.

त्यानं तोंड उघडायच्या आत बापूंनीच विचारलं, "एक सांग. ती चालू झाली होती का?"

धाकट्याचा सगळा राग कुठल्या कुठे गेला. "हो," तो म्हणाला. "पहिल्यांदाच झाली होती. म्हणजे तुम्हाला... तसं ऐकू कमी येतं, माहीत आहे. आता ह्या वयात..."

"ह्या वयात?" बापूंना हसू आलं. "तू बोबडं बोलायचास तेव्हाचं थोडं ऐकलेलं आठवतं. मग गेलं. प्रेसनं नेलं. तिथं सगळेच ओठांवर बोलायचे, एवढ्या धडधडाटात कुणाचं ऐकू येतंय? म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. लागला असता तर दारावर राखणीला नेऊन बसवलं असतं मला."

"आणि आई?"

"तिच्यापासून काय लपणार? मागून कुणी हॉर्न दिला की ती गुडघ्यावर चापट मारायची. ती गेली, मग मला मागचं कोण सांगणार? म्हणून टाकली ताडपत्री."

धाकट्याच्या डोळ्यांसमोर एकेक वस्तू यायला लागली. ठोकळे, फळी, पितळी गोळा. रबर मिळालं नव्हतं म्हणे! बेडकीचा जीव आपल्या हाडांपर्यंत पोचावा म्हणून बापूंनी मधला सगळा मऊपणा काढून टाकला होता. आणि त्यानं, मोठ्या कारागिरानं, तो निवडून निवडून परत भरला होता. तो छोटा आरसाही पहाऱ्याचा नव्हता. मागे बसलेली पोरं काय बोलतात ते बापू त्यात वाचत होते. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

"म्हणजे माझं गाणं?" दारातून ताईचा आवाज आला. ती केव्हाची उभी होती. मग शिस्त आठवून ती समोर आली आणि पुन्हा म्हणाली, "बापू, माझं गाणं?"

"तुझं तोंड मिटलं की मी वा म्हणायचो," बापू म्हणाले.

"तरीच!" धाकटा म्हणाला. "तरीच म्हटलं इतकी वर्षं वाहवा कशी होतेय!"

ताईनं त्याच्या पाठीत गुद्दा घातला, हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवसापासून धाकट्यानं स्वतःचंच काम उचकटायला घेतलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. ते चामडं उसवताना त्याचा हात दोनदा थांबला. पण त्यानं इंजिन उचलून पुन्हा लोखंडावर बसवलं, नमदा फाडून काढला, फळी घातली, आरसा जागेवर लावला. ह्या खेपेला गाडीखाली शिरायच्या आधी प्रत्येक गोष्ट तो बापूंच्या समोर उभा राहून विचारत होता. बापू मडगार्डवर तळवा ठेवून फर्मान सोडत होते, "अजून आवळ. अजून. हां, आता बोलली!" पहिल्यांदा इंजिन सुरू केलं तेव्हा शेडचे पत्रे वाजले आणि मांजर भिंतीवरून पळालं. कंपनीतल्या पोरांनी पाहिलं असतं तर काकांना वेड लागलंय म्हणाली असती. काकांना काही वाटलं नाही.

आणि बेडकी निघाली. बापूंचा डावा तळवा पितळी गोळ्यावर, चेहऱ्यावर असं काही की धाकट्याच्या बायकोनं दारातूनच डोळ्यांना पदर लावला. धाकटा शेजारी, हात बापूंच्या गुडघ्यावर. ताई मागे, ह्या वयात गुडघे हनुवटीला लावून, कण्हत आणि हसत. चौकात मागून एका ट्रकनं भोंगा दिला. धाकट्यानं चापट मारली. बापूंनी मान न वळवता गाडी अलगद कडेला घेतली, ट्रकला जाऊ दिलं, आणि रुबाबात पुन्हा रस्त्यावर आले.  इतक्या वर्षांत आईनं हे एकदाही बोलून दाखवलं नव्हतं.

धरणाच्या भिंतीशी त्यांनी गाडी थांबवली. पाणी संथ होतं. ताई उतरून पाय मोकळे करायला गेली. इंजिन बंद झाल्यावरही दोघांच्या अंगात ती थरथर जरा वेळ राहिली. धाकटा वळून बापूंच्या समोर झाला.

"बापू, एवढी वर्षं मी तुमच्याशी बडबड करतोय. भांडलो, रुसलो, लग्न ठरलं ते सांगितलं, पोरगी झाली ते सांगितलं. तुम्ही माझा आवाज ऐकलाच नाहीत."

बापूंनी त्याच्या ओठांवरचा शेवटचा शब्द वाचून घेतला आणि मान हलवली.

"तुझा आवाज फुटला ना, तेव्हा मी तुझ्या आईला विचारलं होतं," ते म्हणाले. "म्हटलं, कसा आहे गं पोराचा आवाज? ती म्हणाली, अहो, हुबेहूब तुमचा. माझा मला आठवत होता. मग काय, तेव्हापासून तू बोललास की मी तोच लावतो. सगळं ऐकलंय मी तुझं."

धाकट्याला काहीतरी म्हणायचं होतं. ओठ हलले, पण शब्द फुटेना. बापू त्याच्या तोंडाकडे बघत, घाई न करता, थांबून राहिले.