एकाच चाकाचे दोन तुकडे

सकाळी उठल्यावर देसोलीना आधी खिडकी उघडत असे, मग कॉफीचे भांडे शेगडीवर चढवत असे, आणि कॉफी वर येईपर्यंत उत्तरेकडच्या फळीवरून चीजचा तुकडा उतरवून ओट्यावर ठेवत असे. तुकडा ओलसर सुती फडक्यात बांधलेला असे. फडके सोडून ती आधी सालीवर अंगठा फिरवी. चीज जिथे जमले त्या डेअरीची ठिपक्यांची अक्षरे तिथे उमटलेली असत आणि डोळे अधू झाल्यापासून ती अंगठ्यानेच वाचायची. कुठे पांढरी बुरशी धरली असेल तर ती सुरीच्या पात्याने खरवडून टाकी. मग बदामाच्या आकाराची आखूड सुरी टोचून, जरा मुरगळून, एक खपली काढी. आमच्या डोंगरात पार्मिजानो चीजचे चाक, म्हणजे मोठी गोल ढेप, कापत नाहीत, फोडतात. खपली आणि आदल्या दिवशीचा पाव खाऊन झाला की फडके नळाखाली धरायचे, घट्ट पिळायचे, तुकडा पुन्हा बांधायचा. त्यानंतरच दिवस सुरू झाला असे ती मानत असे.

वस्तुस्थिती अशी होती की या पद्धतीने चीज कडांना वाळून जाई आणि शेवटी शेवटी किसणीलाही दाद देत नसे. पण हे तिला सांगू शकतील अशी माणसे आता गावाच्या दफनभूमीत होती, आणि जिवंत होती त्यांची हिंमत नव्हती.

त्या शरद ऋतूत ती तळघराच्या पायऱ्यांवरून घसरली आणि मनगट मोडले. मनगट जुळले, परंतु एरवी कशावरही एकमत न होणाऱ्या तिच्या दोन्ही मुलांचे यावर एकमत झाले की आईने यापुढे डोंगरात एकटे राहायचे नाही. मुलगी नीवेस खाली पार्मा शहरात औषधांचे दुकान चालवत होती. मुलगा एर्मेस रेज्जोत लिफ्ट दुरुस्त करी. थोडे दिवस इथे, थोडे दिवस तिथे राहून बघ आणि डिसेंबरातल्या सांता लुचियाच्या सणापर्यंत काय ते ठरव, असे दोघांनी तिला सांगितले. नीवेसने तोवर पाहुण्यांच्या खोलीला नवा रंगही दिला होता.

निघण्यापूर्वी देसोलीना एर्मेसला घेऊन डेअरीत गेली.

"कुठल्या चाकाचं देऊ, देसोलीनाबाई?" गल्ल्यामागच्या ओदोआर्दोने विचारले.

"तू बायकोला नेतोस त्यातलं."

"तिला डॉक्टरांनी मीठ बंद केलंय."

"मग तू चोरून खातोस त्यातलं. दोन तुकडे दे. आणि दोन्हींना साल पाहिजे. नुसता गाभा शहरवाल्यांना वीक."

"दोन कशाला? घरात तुम्ही एकट्या."

"एक लेकीला, एक लेकाला. एकाच चाकाचे. उद्या कुणी म्हणायला नको की म्हातारीनं भेदभाव केला."

ओदोआर्दोने लहान हातोडीने चाकावर ठोकून कान लावला. आवाज भरीव आला. फोडल्यावर आतला गाभा गवती पिवळा निघाला आणि त्यात मिठाच्या खड्यांसारखे पांढरे कण चमकले. दोन्ही तुकडे तिने हातात तोलून पाहिले.

"आई, आमच्याकडे चीज आहे गं," पिशवी धरून उभा असलेला एर्मेस म्हणाला.

"असेल. कसं ठेवता ते बघायचंय."

ती नेमके काय बघायला निघाली आहे, हे त्यामुळे एर्मेसला कळले. घरी गेल्यावर बायकोला सावध करायचे त्याने ठरवले आणि नेहमीप्रमाणे तो विसरला.

पहिला मुक्काम नीवेसकडे पडला. तिने तुकडा हातात घेतला, वास घेतला, मेणकागदात सैलसर गुंडाळला, काचेच्या डब्यात ठेवला आणि डबा फ्रीजच्या सर्वांत खालच्या, कमी थंड कप्प्यात सरकवला. जास्त मुरलेल्या चीजसाठी तिच्याकडे वेगळे छोटे कपाटच होते, त्यावर आतले तापमान लाल आकड्यांत दिसे. साली घासून, धुऊन, सूपसाठी बर्फाच्या कप्प्यात जपलेल्या होत्या. जेवणाच्या तासभर आधी ती चीज बाहेर काढून ठेवी.

"थंडगार खाल्लं की वासच लागत नाही, आई."

"हं," देसोलीना म्हणाली.

तिने खपली तोंडात टाकली. चीज तिच्या फळीवर कधीही लागले नव्हते इतके चांगले लागत होते. कडासुद्धा मऊ होत्या. ती पुष्कळ वेळ चघळत राहिली.

दुसऱ्या दिवशी सवयीने तिने पहाटेच उठून ते छोटे कपाट उघडले आणि ते किंचाळू लागले. नीवेस झोपेतून धावत आली.

"दार जास्त वेळ उघडं राहिलं की ते ओरडतं, आई. तुला काय हवं होतं? मी देते ना."

"काही नको. बघत होते."

"तू बस. मनगटाला ताण नको."

खिडकीपाशी तिच्यासाठी नवी आरामखुर्ची आणलेली होती. देसोलीना तिच्यात बसली. भाजी चिरायला मागितली तर नीवेसने सुरी हळूच काढून घेतली. कपडे घडी करायला घेतले तर जावई हसत हसत ते घेऊन गेला.

"अगं, मग मी करू तरी काय?"

"काहीच करायचं नाही. आयुष्यभर केलंस तेवढं पुरे."

"ते आयुष्य संपलं असं तुला कुणी सांगितलं?"

नीवेसने तिच्या केसांवरून हात फिरवला. तो हात मायेचाच होता, यात शंका नव्हती. त्या घरात दोष काढायला जागाच नव्हती. देसोलीनाने शोधली होती.

एर्मेसच्या घरी फार शोधावे लागले नाही. त्याची बायको बोनारिया सार्डिनिया बेटावरची. तिने तुकडा प्लॅस्टिकच्या पातळ कागदात करकचून गुंडाळला आणि तिच्या माहेरच्या, मेंढीच्या दुधाच्या चीजच्या डब्यात टाकला. पुढे एका सकाळी देसोलीनाने डबा उघडला तेव्हा प्लॅस्टिकला आतून घाम फुटलेला होता.

"बोनारिया, हे काय?"

"चीज."

"ते दिसतंय. दोन्ही एकाच डब्यात?"

"अहो आई, दोन्ही चीजच आहेत. भांडणार नाहीत."

"माझ्या चीजला मेंढीचा वास मारतोय!"

"बरंच झालं की. तुमच्या चीजला आता निदान वास तरी आहे."

एर्मेसने वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरले. देसोलीनाने तुकडा प्लॅस्टिकमधून सोडवला आणि तो उघड्यावर वाऱ्याला ठेवला. एर्मेसने तो फुटबॉलची मॅच बघताना संपवला. साल तिला कचऱ्याच्या डब्यात सापडली.

"सासूबाई, कचऱ्यात हात घालता?"

"तू घालायला लावलास."

"मनगट दुखत नाही वाटतं?"

"तुझ्या घरात आल्यापासून डोकं दुखतंय. मनगटाकडे बघायला वेळ कुणाला आहे?"

"डोकं दुखत असलं तरी हात मोकळे आहेत ना? मग नुसत्या टोमणे मारत उभ्या राहू नका. ही कणीक घ्या. रविवारच्या काप्पेलेत्ती वळायच्यात, आणि मला वळता येत नाहीत हे तुम्ही लग्नापासून सगळ्या गावाला सांगितलंय."

देसोलीनाने कणीक लाटली, सारण भरले, एकेक छोटी टोपी बोटावर वळली. बोनारियाने वळलेल्या तिने मोडून पुन्हा वळल्या. रविवारी सूपच्या वाफाळत्या ताटल्या मांडल्या गेल्या आणि बोनारियाने, पार्मिजानो संपले होते म्हणून, सगळ्यांच्या काप्पेलेत्तींवर मेंढीचे चीज किसले.

देसोलीनाने चमचा खाली ठेवला. आमच्याकडे याहून थोड्या कारणाने सोयरिकी मोडलेल्या आहेत.

"एर्मेस, तुझे वडील गेले त्या दिवशीसुद्धा मी एवढी..."

"रडायचं असेल तर रुमाल देते," बोनारिया म्हणाली. "पण आधी खा. सूप गार होतंय."

देसोलीना जेवली. मग तिने ताटली पुढे सरकवली आणि पुन्हा वाढून घेतले.

"वाईट आहे," ती म्हणाली.

"मग परत कशाला घेतलंत?"

"खात्री करायला."

सणाच्या आदल्या दिवशी एर्मेस तिला डोंगरातले घर बंद करायला घेऊन गेला. पाण्याचा नळ बंद केला, खिडक्यांच्या झडपा लावल्या. तिने आखूड सुरी आणि सुती फडकी पिशवीत घातली. वाटेत डेअरीतून एक तुकडा घेतला.

"नीवेसकडे सोडू ना तुला?" गाडी उतारावरून घेत एर्मेस म्हणाला. "मला वाईट वाटणार नाही. तिथं सगळं व्यवस्थित आहे. आमच्याकडे तुला दिवसभर चिडावं लागतं."

"आधी तिच्याकडे घे. थोडं काम आहे."

नीवेसच्या स्वयंपाकघरात ती उभ्यानेच बोलली. एर्मेसकडे राहणार असे तिने सांगितले. नीवेस बराच वेळ ओट्यावरचा स्वच्छ भाग पुसत राहिली.

"माझं काय चुकलं, आई?"

"काही नाही गं. तेच तर." देसोलीनाने तिचा हात धरला. "दर रविवारी येईन. चीज तासभर आधी काढून ठेव. आणि तो मेणकागद आहे ना, त्यातला थोडा दे."

दुसऱ्या दिवशी पहाटे, बोनारिया उठण्यापूर्वी, देसोलीनाने फ्रीज उघडला. तो किंचाळला नाही. मेंढीचे चीज तिने प्लॅस्टिकमधून सोडवले आणि मेणकागदात सैलसर गुंडाळले. आपला नवा तुकडाही तसाच गुंडाळला. एक वरच्या कप्प्यात ठेवले, दुसरे सर्वांत खाली. मग काहीतरी आठवून तिने दोन्ही पुन्हा बाहेर काढले आणि नीवेसचा मेणकागद कुणाला दिसणार नाही अशा बेताने दोन्हींवर एकेक जुने सुती फडके कोरडेच बांधले. कॉफीचे भांडे शेगडीवर चढवून ती सुनेच्या उठण्याची आणि तिच्या पहिल्या टोमण्याची वाट बघत बसली.