पाच इंच कापलेलं छप्पर

व्हर्लिन ओस्टबीला दोन गोष्टींचा मनस्वी तिटकारा होता. एक म्हणजे रांग आणि दुसरी म्हणजे कुणी काढलेली चूक. बॉनव्हिलच्या मिठाच्या सपाट मैदानावर, जिथे दर ऑगस्टात एकेक गाडी सोडून तिचा वेग मोजतात, त्या सोमवारी दोन्ही एकदमच त्याच्या वाट्याला आल्या.

तपासणीच्या रांगेत त्याची चौतीस सालची दोन दारांची फोर्ड कूप सकाळी सातपासून उभी होती. पुढे एकोणीस गाड्या. खाली पांढरंफटक मीठ, वर तसलंच ऊन, आणि मिठावरून उलटं येणारं ऊन असं की नाकपुड्या आतून भाजतात. व्हर्लिन गाडीभोवती घिरट्या घालत होता आणि पुढच्या प्रत्येक गाडीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. त्याची बायको लरू ट्रकच्या सावलीत खुर्ची टाकून बसली होती. तिच्या मांडीवर बटाटे, चीज आणि वर कुरकुरीत चुरा घातलेला मोठा डबा होता. त्यांच्याकडे मयताच्या जेवणाला हा पदार्थ हमखास असतो, म्हणून त्याला मयताचे बटाटेच म्हणतात.

"खा दोन घास," ती म्हणाली.

"अजून कुणी मेलेलं नाही."

"तू असाच तापत राहिलास तर मरेल कुणीतरी. आयता डबा तयार आहे."

अकरा हिवाळे. बर्ली गावातल्या त्याच्या गॅरेजात दर हिवाळ्यात या गाडीचं काहीतरी उघडलं आणि काहीतरी बंद झालं. साखरेच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करून निवृत्त झालेला माणूस. दुसऱ्याच्या हाताचं त्याला काही पटायचं नाही. दोन इंजिनं फुटली, हे तिसरं. तरुणपणी मित्रांच्या गाड्या इथे पळवून वरच्या वेगाचा परवाना त्याने केव्हाच मिळवला होता, पण त्या मित्रांच्या गाड्या होत्या. आता स्वतःच्या हाताने बांधलेल्या गाडीत बसून या सरळ रेषेवर ताशी दीडशे मैलांच्या वर जायचं, एकदाच, एवढं त्याचं मागणं होतं. त्याला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. मीठ दर दोन-तीन वर्षांनी ओलं राहतं आणि शर्यतच रद्द होते. पुढच्या वर्षाची खात्री त्या मिठाला नव्हती आणि त्यालाही नव्हती.

साडेदहाला त्याचा नंबर लागला. तपासनीस डेल्मर हा एरवी नेब्रास्कात नळदुरुस्ती करायचा आणि ऑगस्टात आठवडाभर इथे फुकट राबायचा. दोघांची वीस वर्षांची ओळख. म्हणून तर व्हर्लिनला अधिक राग आला.

"व्हर्लिन, आसनाच्या पट्ट्यांवरची तारीख बघितलीस?"

"पट्टे कोरे आहेत. बूड टेकलेलं नाही अजून."

"जुलैत संपली तारीख."

"ते काय दूध आहे नासायला?"

"मी नियम केला नाही. मी वाचतो फक्त." डेल्मरने कागदावर खूण केली आणि बॅटरी पाजळत पुन्हा गाडीखाली शिरला. तासाभराने बाहेर आला तेव्हा कागदावर सात खुणा होत्या. तेलाच्या नळीला पकड नाही, आग विझवण्याच्या नळकांड्याचा बोल्ट आखूड, असल्या सगळ्या. यातली एकही चूक खोटी नव्हती. व्हर्लिनच्या जिवाला तेच लागलं. अकरा वर्षं ज्या गाडीवर डोळे लावून बसलो तिच्यात याला तासाभरात सात सापडाव्यात!

दुपारभर उन्हात आडवा पडून त्याने सातही उरकल्या. पट्टे नवे घेतले, तेही विक्रेत्याशी भांडून. संध्याकाळी चारला गाडी परत रांगेत. डेल्मरने सातही खुणांवर फुली मारली.

"झालं?" व्हर्लिनने विचारलं.

"एकच राहिलं. पूर्ण कपडे घालून आत बस. मी 'आग' म्हटलं की बाहेर यायचं. तीस सेकंद. कुणी हात लावायचा नाही."

व्हर्लिन हसला. गेल्या दोन दिवसांत तो तेवढाच हसला होता.

आगीचा जाड अंगरखा, मोजे, हातमोजे, मानेची गादी, शिरस्त्राण असा सगळा जामानिमा करून तो आत शिरला. आत शिरायलाच तीन मिनिटं लागली, पण ती कुणी मोजत नव्हतं. डेल्मरने घड्याळ धरलं आणि "आग!" म्हणून ओरडला. पट्टा सुटला, स्टिअरिंग निघालं, खिडकीची जाळी पडली. इथवर फक्कड झालं. मग बाहेर यायचं म्हणजे आतल्या लोखंडी पिंजऱ्याच्या बाजूच्या नळावरून आणि छपराच्या कडेखालून. व्हर्लिनने उजवा हात वर नेला. खांदा फेब्रुवारीत बदललेला होता, आणि तो नवा खांदा कानाच्या वर जायला तयार नव्हता. त्याने डावा हात घातला, मग डोकं, मग डोकं आत घेऊन पाय. शिरस्त्राण छपरावर टणटण आपटत राहिलं.

"सत्तेचाळीस," डेल्मर म्हणाला.

"घड्याळ बघ तुझं. चालतं का ते?"

"नाचता येईना अंगण वाकडं," लरू ट्रकपाशी पुटपुटली. व्हर्लिनला ऐकू गेलं.

तो दोष घड्याळाचा नव्हता, डेल्मरचाही नव्हता. या गाडीवाल्यांना एक खोड असते. वाऱ्याला वाट द्यायची म्हणून ते गाडीचं छप्पर पेलणारे खांब मधून कापतात, तेवढा तुकडा काढून टाकतात आणि छप्पर खाली आणून पुन्हा जोडतात. कुणी तीन इंच कापतो, कुणी चार. व्हर्लिनने पाच कापले. कापायच्या आधी आत बसून त्याने माप घेतलं होतं, नुसत्या गंजीफ्रॉकवर. तेव्हा तो त्रेसष्ट वर्षांचा होता आणि दोन्ही खांदे त्याचे स्वतःचे होते. इंजिनाच्या प्रत्येक बोल्टाचा ताण वहीत लिहून ठेवणाऱ्या या माणसाने गाडी बांधून होईपर्यंत आपणही म्हातारे होऊ, हे मात्र हिशेबात धरलंच नाही.

मंगळवारची सकाळ सरावात गेली. लरू घड्याळ धरायची, व्हर्लिन आत-बाहेर करायचा. त्रेचाळीस. एकेचाळीस. बसायची गादी काढून पाहिली, तर एकोणचाळीस, पण मग डोळे पत्र्याच्या खाली जाऊन समोरचं काही दिसेना. शेजारच्या तंबूतला एक तरुण गाडीवाला येऊन म्हणाला, "काका, डावा पाय आधी काढून बघा." व्हर्लिनने त्याला काय आधी काढायचं ते ऐकवलं. पोरगा निमूट गेला.

दुपारी तो पुन्हा डेल्मरसमोर बसला. "आग!" झालं आणि या वेळी व्हर्लिनने खरोखर जीव खाऊन अंग झोकलं. अर्धा बाहेर आला आणि अडकला. कंबर नळावर, खांदा छपराखाली, पाय आत हवेत. पन्नास सेकंद झाले, साठ झाले. रांगेतली माणसं दुसरीकडे बघू लागली, आणि तेच त्याला सर्वांत वाईट वाटलं. शेवटी डेल्मरने घड्याळ खिशात टाकलं, त्याच्या काखेत दोन्ही हात घातले आणि त्याला पोत्यासारखा ओढून काढला.

"नाही, व्हर्लिन," तो हळू आवाजात म्हणाला. "या छपरातून तुला बाहेर येता येत नाही. खरंच पेटली तर मी काय करू? मी तिथे पाच मैल लांब असेन."

"तुला काय जातंय बोलायला!"

"मला जातंय," डेल्मर म्हणाला. "दोन मित्र गेलेत माझे इथे."

व्हर्लिन ट्रकने गाडी ओढत तंबूत घेऊन आला. आल्या आल्या त्याने जनरेटर चालू केला आणि पत्रा कापायचं यंत्र हातात घेतलं.

"काय करतोयस?" लरूने विचारलं.

"छपराला भोक पाडतो. वरून निघेन."

"आणि वारा आत शिरला की?"

"बघू."

"बघू? दीडशेला छप्पर टरकन उडेल आणि मग बघू?"

"मग काय करू मी? सांग ना! अकरा वर्षं, लरू! अकरा वर्षं मी काय गाडीला रंग द्यायला बसलो होतो?"

लरू गाडीत शिरली. ती कशी शिरली हे त्याला दिसलंच नाही, इतकी सहज. इतकी वर्षं आतल्या बाजूने बोल्ट धरायला तीच शिरत आली होती. व्हर्लिन बाहेरून पाना फिरवायचा. आतून तिने जाळी लावली.

"आता काप," ती म्हणाली.

"बाहेर ये."

"घड्याळ आहे ना हातात? मोज."

ती बाहेर आली तेव्हा घड्याळात नऊ सेकंद झाले होते. तिच्या अंगात घरचाच झगा होता खरा, पण नऊ म्हणजे नऊ. व्हर्लिनच्या डोक्यात काय चाललंय हे तिच्या लक्षात आलं, आणि तिच्या डोक्यात काय चाललंय हे त्याच्या.

"मुळीच नाही," तो म्हणाला.

"मी बसते."

"तुझी मोटार ऐंशीच्या वर गेलेली नाही कधी."

"बावीस हंगाम साखरेच्या बिटाचे ट्रक चालवलेत मी. चिखलात, भरलेले, क्लच न दाबता गिअर टाकत. तू कारखान्यात सावलीत बसायचास तेव्हा."

"नवख्यांना पहिल्या खेपेला सव्वाशेच्या आत राहावं लागतं! सव्वाशे! ही गाडी काय सव्वाशेला बांधली मी?"

"मग ठेव झाकून. पुढच्या वर्षी परत रांगेत उभा राहा, परत अडक, परत डेल्मरवर डाफर."

व्हर्लिन तिच्याशी दोन तास बोलला नाही. ट्रकमध्ये बसून त्याने मयताचे बटाटे अर्धे संपवले, थंडच. त्याला तिचा राग आला होता, डेल्मरचा आला होता, आणि खांदा बदलणाऱ्या त्या डॉक्टरचा, ज्याने "आता बागकाम खुशाल करा" म्हटलं होतं. खरा राग त्याचा त्यालाच आला होता. तो कुठे काढावा हे मात्र त्याला कळत नव्हतं.

मग तो उठला आणि गाडीतलं आसन काढायला लागला.

हे आसन फेसाचं होतं. दोन द्रव मिसळून पिशवीत ओतायचे, वर माणूस बसवायचा; फेस फुगतो आणि त्या माणसाच्या आकाराचा घट्ट होतो. व्हर्लिनची पाठ, व्हर्लिनचं बूड, डावीकडे जरा वाकलेला कणा, सगळं त्यात हुबेहूब उतरलेलं. लरू त्यात बसली तर नुसती घरंगळली असती. त्याने तो ठोकळा उचलून ट्रकच्या मागे ठेवलं. विक्रेत्याकडून नवा फेस आणला, या खेपेला न भांडता.

"बस," तो म्हणाला. "हलू नकोस."

लरू पिशवीवर बसली. फेस गरम होत वर चढू लागला.

"अगं बाई, हे तर उकळतंय!"

"हलू नकोस म्हटलं ना!"

तिचे खांदे त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवले, फेस घट्ट होईपर्यंत, दहा मिनिटं. त्या वेळात तो एकदाही चिडला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा त्याने मिठाला शिव्या दिल्या.

बुधवारी पूर्ण कपड्यांत लरू एकवीस सेकंदांत बाहेर आली. डेल्मरने कागदावर सही केली आणि व्हर्लिनच्या पाठीवर हात ठेवला. व्हर्लिनने तो झटकला नाही.

गुरुवारी दुपारी त्यांची पाळी आली. अशा गाड्यांचे गिअर इतके उंच असतात की जागेवरून त्या नुसत्या खोकतात. मागून ट्रकने ढकलून वेग द्यावा लागतो. ट्रक अर्थातच व्हर्लिनने चालवला. तीस. चाळीस. पन्नासला कूपच्या नळ्यांतून धूर फुटला, इंजिनाने आवाज धरला आणि ट्रकच्या पुढच्या फळीवरचं वजन एकदम गेलं. नियमाप्रमाणे त्याने ट्रक डावीकडे काढला आणि ब्रेक लावला. खिडकीतून मान काढून तो ओरडत राहिला, "आता तिसरा टाक! तिसरा! अगं, टाक ना!" ती अर्धा मैल पुढे होती. तिने तिसरा टाकला, स्वच्छ, धक्क्याविना. आवाज बदलला आणि गाडी बारीक होत होत क्षितिजावरच्या चमकणाऱ्या उन्हात विरघळली. आपली गाडी पळताना बाहेरून कशी दिसते, हे त्याने आजवर मनातही आणलं नव्हतं. मनात तो नेहमी आतच असायचा.

रेडिओवर आकडा आला. एकशे चोवीस, दशांश सहा. नवख्यांच्या सव्वाशेला चारच दशांश कमी.

पलीकडच्या टोकाला तो पोचला तेव्हा लरू गाडीला टेकून उभी होती. शिरस्त्राण काढलेलं, केस घामाने चिकटलेले.

"तेलाचा दाब किती होता?" ट्रकमधून उतरायच्या आधीच त्याने विचारलं.

"नाही बघितला."

"पाण्याचं तापमान?"

"व्हर्लिन, मी मिठावरची रेघ बघत होते."

"बरं, कसं वाटलं?"

लरूने त्याच्या तोंडाकडे बघितलं. "काही विशेष नाही," ती म्हणाली. "ट्रकसारखीच. उकडलं फार."

सेहेचाळीस वर्षांच्या संसारात लरूला धड खोटं बोलता आलं नव्हतं. व्हर्लिन तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"लरू. खरं सांग."

तिने हातमोजे काढून गाडीवर ठेवले. मग तिला रडू फुटलं, हसूही फुटलं. "अरे, तिच्यावर ओझंच नव्हतं कसलं. नुसतं पाऊल टेकवलेलं आणि ती आपली अजून मागतेय, अजून मागतेय. मला थांबायचंच नव्हतं रे. जन्मात असं काही वाटलं नाही मला. तुला कसं सांगू?"

कोरड्या मिठावर दोन पावलं मागे सरून व्हर्लिनने दोन्ही हात वर केले; उजवा कानापर्यंतच गेला.

"मग थांबलीस कशाला?" तो ओरडला.