जमीन तापवणारा माणूस

ऑरिन टॉर्गरसनला माणूस त्याच्या सरपणावरून कळायचा. निदान त्याचा तसा समज होता, आणि सत्तर वर्षांत तो एकदाही तपासून बघावा असं त्याला वाटलं नव्हतं. ट्रक चालवताना तो लोकांच्या अंगणातल्या लाकडाच्या थप्प्या बघायचा आणि शेजारी बसलेल्या बायकोला, मारितला निकाल सांगायचा. हा ओलं लाकूड जाळतो, आळशी. त्यानं साल खाली करून रचलंय, बिनडोक. तो तिसरा पिशवीतल्या लाकडी गोळ्या विकत आणतो, त्याच्याबद्दल तर बोलायलाच नको. मग पुढचे पाच मैल तो त्याच्याबद्दलच बोलायचा. मारित खिडकीबाहेर बघत बसायची.

त्याची स्वतःची भट्टी घरापासून साठ पावलांवर उभी होती. पत्र्याची खोपटी, आख्खा ओंडका गिळेल एवढं तोंड, भोवती पाण्याची टाकी. लाकूड जळायचं, पाणी तापायचं, जमिनीखालच्या नळीतून घरात जायचं, घराला ऊब देऊन परत यायचं. घरात ना राख, ना धूर. त्या रस्त्यावर अशा चार भट्ट्या होत्या आणि ऑरिनच्या मते त्यातल्या तीन डबडी होत्या.

अकरा वर्षांपूर्वी नळी त्यानं स्वतःच्या हातानं पुरली होती. गावात संडासाच्या टाक्या बसवून देणारा लाइल बाकन तेव्हा म्हणाला होता, की जाड आवरणाची तयार नळी येते, तीच घे. ऑरिनला हसू आवरेना. त्यानं साध्या नळीला फोमची पट्टी गुंडाळली, वर प्लास्टिक बांधलं आणि दीड फुटावर गाडून टाकली. "संडासाच्या टाक्या पुरणारा आता मला नळी शिकवणार!" असं तो रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी पिताना चारचौघांत म्हणाला. लाइल त्याच टेबलावर बसलेला होता. त्यानं कॉफीत साखर घातली आणि ढवळत राहिला.

लाइलचं काय म्हणून चुकत नव्हतं! बायको सोडून गेली, अंगणात तीन मोडके ट्रक, घर तापवायला लाकडाऐवजी गॅस. शाळेत दोघं एकाच वर्गात होते, आणि तेव्हाही लाइलची पेन्सिल बोथट असायची. हे ऑरिन अजून सांगायचा.

आणि ह्या लाइलकडूनच त्याला यंदा सरपण विकत घ्यावं लागलं होतं. उन्हाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं करवतीला हात लावायची बंदी केली. लाइल टाक्यांसाठी जागा मोकळी करतो तेव्हा झाडं पडतात, ती फोडून विकतो. आठ ट्रॉल्या मेपल आणि बर्च त्यानं आणून टाकलं, वर फुकटात रचूनही दिलं. ऑरिननं त्याच्या पाठीमागे अर्धी रास उलटवली आणि लंगडत लंगडत पुन्हा रचली.

नोव्हेंबरात मारितला न्यूमोनिया झाला. औषधं लिहून देताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, घरात सत्तर फॅरनहाइटच्या खाली काटा जाता कामा नये. इकडे जानेवारी उजाडला, बाहेर शून्याखाली पंचवीस, आणि भिंतीवरचा काटा साठ-एकसष्टच्या वर चढायचं नाव घेईना. ऑरिन दिवसातून तीनदा भट्टी भरत होता. भट्टीतलं पाणी उकळीला आलेलं, आणि घर थंडगार. मारित दिवसभर कोट घालून खुर्चीत बसायची आणि खोकायची.

सोमवारी मुलीचा, जोलीनचा डलुथ शहरातून फोन आला.

"बाबा, काटा किती आहे?"

"चढतोय."

"किती आहे ते विचारलं मी."

"बासष्ट," ऑरिननं एक वाढवून सांगितलं.

"मी पाठवलेला विजेचा हीटर कुठंय?"

"गॅरेजमध्ये. वीज जाळून ऊब आणायची तर मग माणसानं शहरात जाऊन मरावं."

"मग ऐक. रविवारी येतेय मी. सत्तर दिसलं नाही तर आईला घेऊन जाणार. एप्रिलपर्यंत. आणि हे मी तुला विचारत नाहीये."

फोन ठेवून ऑरिन मारितला म्हणाला, "ऐकलंस? दोन खोल्यांच्या खुराड्यात राहते आणि मला शिकवते."

मारितनं कोटाची वरची गुंडी लावली. पण जोलीन बोलते तसं करते हे ऑरिनला ठाऊक होतं. पंचेचाळीस वर्षांत मारितशिवाय तो चार रात्री राहिला होता, त्याही गुडघ्याच्या वेळी, इस्पितळात. दोष कुणाचा हे त्याला कधीच कळलं होतं. लाइलनं ओलं लाकूड गळ्यात मारलं होतं. दुसरं काय असणार?

बुधवारी त्यानं लाइलला बोलावून घेतलं, फैलावर घ्यायलाच. लाइल आला, टोपीवरचा बर्फ झटकून राशीपाशी उभा राहिला.

"हे लाकूड म्हणायचं का?" ऑरिननं सुरुवात केली. "पिळलं तर बादली भरेल. लाज कशी वाटत नाही रे तुला? घरात आजारी माणूस आहे."

लाइलनं राशीतले दोन तुकडे काढले आणि एकमेकांवर आपटले. टण्ण आवाज झाला. सुक्या लाकडाचा आवाज. तो ऑरिनला चांगलाच ओळखता येत होता. लाइलनं आणखी दोन आपटले, मग खालच्या थरातले दोन. सगळे तसेच वाजले.

"वरवरचे सुकलेत," ऑरिन म्हणाला.

"खालचेच काढले मी."

"मग ह्या भट्टीला काय धाड भरलीय?"

लाइल भट्टीकडे गेला, पाण्याचा काटा बघितला, मान डोलावली. मग वळून घराकडे बघत उभा राहिला. सगळ्या अंगणात मांडीएवढा बर्फ होता. फक्त भट्टीपासून घराच्या भिंतीपर्यंत दोन हात रुंदीचा पट्टा कोरडा होता, आणि त्यात भर जानेवारीत हिरवंगार गवत उगवलं होतं. दोन हरिणी ते आरामात चरत होत्या. हा पट्टा दरवर्षी थोडा रुंद व्हायचा आणि ऑरिन पाहुण्यांना खिडकीशी नेऊन दाखवायचा. वडिलांनी ह्या जमिनीत शेण घातलं होतं, माती कसदार आहे, हरणांना बरोबर कळतं, असं सांगायचा. पाहुणे मान डोलवायचे. त्या भागातली माणसं तोंडावर कुणाला खोटं पाडत नाहीत.

"वेगळंच आहे," लाइल म्हणाला.

तिकडे ह्याहून मोठी शिवी नाही. जळलेल्या केकला, बिघडलेल्या लग्नाला लोक एवढंच म्हणतात. ऑरिनचे कान तापले.

"काय वेगळं आहे? बोल की सरळ!"

"सरळ बोलू? तुझा फोम कुजलाय, ऑरिन. नळी पाण्यात बसलीय. आठातल्या चार ट्रॉल्या तू ह्या गवताला घालतोस. अकरा वर्षं तू जमीन तापवतोयस, आणि उरलं सुरलं मारितला."

ऑरिननं तोंड उघडलं. लाइलच्या टाक्या, लाइलची बायको, लाइलची पेन्सिल, सगळं जिभेवर आलं, आणि कशाचाच उपयोग नव्हता. कारण हे त्याला माहीत होतं. गेल्या वर्षीच माहीत होतं. उघड्या पट्ट्याचा अर्थ ह्या रस्त्यावरच्या कुणाही माणसाला कळतो, आणि दुसऱ्या कुणाच्या अंगणात तो दिसला असता तर ऑरिननं त्या माणसाची पाच मैल सालटी काढली असती. स्वतःच्या अंगणात मात्र त्याला माती कसदार दिसली.

"आता काय करणार?" तो म्हणाला. "जमीन पाच फूट गोठलीय. मे महिन्याशिवाय फावडं लागायचं नाही."

"सगळीकडे गोठलीय," लाइल म्हणाला, "इथं नाही. अख्ख्या जिल्ह्यात खणता येईल अशी एवढीच जागा आहे. तयार नळीचं वेटोळं माझ्या शेडमध्ये पडलंय. परवा माझं छोटं खोदायचं यंत्र आणतो. पण भट्टी दिवसभर बंद ठेवावी लागेल, तेव्हा मारितला माझ्याकडे नेऊन बसव."

"तुझ्याकडे?"

"माझ्याकडे गॅस आहे," लाइल म्हणाला. हसला मात्र नाही.

शुक्रवारी सकाळी ऑरिन मारितला लाइलच्या घरी सोडून आला. वाटेत तीन मोडक्या ट्रकांबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही, आणि ते त्याला फार जड गेलं. मग दुपारपर्यंत दोघांनी खणलं. जुनी नळी निघाली तेव्हा फोमचा काळा चिखल झाला होता, त्यातून वाफ येत होती. लाइलनं तो फावड्यानं बाजूला ओढला आणि काही बोलला नाही. त्या न बोलण्यानं ऑरिनचा जेवढा पाणउतारा झाला तेवढा चारचौघांत शिव्या खाऊन झाला नसता.

दुपारी लाइल जोडणीचं सामान आणायला गावात गेला आणि ऑरिन मारितला बघायला गेला. ती लाइलच्या स्वयंपाकघरात भांडी घासत होती. कोट खुर्चीवर होता. स्वेटरही खुर्चीवर होता. अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज, कोपरापर्यंत फेस, गाल लाल झालेले. ऑरिन दारातच थबकला. तिचे उघडे हात घरात शेवटचे कधी बघितले ते त्याला आठवेना.

"ह्या गबाळ्याची भांडी तू कशाला घासतेस?" तो म्हणाला.

"गरम पाणी आहे म्हणून. बरं वाटतं." तिनं मागे वळून बघितलं नाही. "ऑरिन, तीन हिवाळे मी कोट घालून झोपतेय."

तो घोरतो म्हणून ती शिवणाच्या खोलीत झोपायची. ती खोली नळीच्या अगदी टोकाला होती.

"तीन हिवाळे? मग सांगायला काय झालं होतं?"

"कुणाला? तुला?" आता ती वळली. "थंडी वाजते म्हणणाऱ्या बाईला तू काय म्हणतोस ते मी पंचेचाळीस वर्षं ट्रकमध्ये बसून ऐकलंय. नवऱ्याची लाकडं, नवऱ्याची अक्कल, बायकोचे नखरे. म्हटलं, आपण नको त्या यादीत."

"तुला मी तसं कधी म्हटलं असतं?"

"म्हणाला असतास," मारित शांतपणे म्हणाली, आणि पुढची ताटली घेतली.

चार वाजता नवी नळी गाडून झाली. ऑरिननं भट्टी पेटवली. लाइलला आभाराचं काहीतरी म्हणायला हवं होतं; तो म्हणाला, "उतार बरा काढलास." लाइल म्हणाला, "ठीक आहे की," आणि यंत्र ट्रॉलीवर चढवून निघून गेला.

शनिवारी दुपारी काटा बहात्तरवर होता. ऑरिन दर तासाला जाऊन बघत होता, आणि दर वेळी मोठ्यानं आकडा सांगत होता. मारित स्वेटर काढून बसली होती. खोकला कमी झाला होता. रविवारी जोलीन आली, बूट न काढता सरळ भिंतीपाशी गेली.

"चौऱ्याहत्तर! अरे वा, बाबा!"

"मग? मी काय म्हणत होतो?" ऑरिनची छाती फुगली. "आता कशाला नेतेस आईला?"

तेवढ्यात मारित शिवणाच्या खोलीतून बॅग घेऊन बाहेर आली.

"जोलीन नेत नाहीये," ती म्हणाली. "मी जातेय."

"अगं, पण घर गरम झालंय! बघ तरी!"

"झालंय. छान झालंय. कुडकुडताना माणसाला दुसरं काही सुचत नाही. दोन दिवस ऊब मिळाली तेव्हा जरा विचार करता आला." तिनं कोट हातावर घेतला. "एप्रिलमध्ये येईन. रोज संध्याकाळी फोन कर. पण एक अट आहे. पहिली पाच मिनिटं कुणाच्याही नावानं बोटं मोडायची नाहीत. ना लाइलच्या, ना पाद्र्याच्या, ना जोलीनच्या घराच्या. जमलं तर सहावं मिनिट बोलू."

जोलीन बुटांकडे बघत उभी होती. ऑरिननं तिच्याकडे बघितलं, तर तिनं आईच्या हातातली बॅग घेतली. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

सहा वाजता त्यानं भट्टीत लाकूड घातलं. चार तुकड्यांत काम झालं. मग आत येऊन फोन लावला.

"पोचलीस?"

"पोचले."

"कसं वाटतंय ते," त्यानं सुरुवात केली, आणि पुढचा शब्द खुराडं होता, तो त्यानं गिळला. मग रस्त्यातल्या बर्फाचं मनात आलं, पण त्यातून बर्फ काढणारे सरकारी ऐदी निघाले. चर्चचं मनात आलं, त्यातून कॉफी करणारी बाई निघाली. एकेक विषय तो उचलायचा आणि त्याखाली कुणीतरी मूर्ख सापडायचाच. पलीकडे मारितचा श्वास ऐकू येत होता. घड्याळात दीड मिनिट झालं होतं.

"आहेस ना?" ती म्हणाली.

"आहे," ऑरिन म्हणाला. "शोधतोय."

"शोध," मारित म्हणाली. "मी थांबते."