चुलीवर वाळलेलं मडगार्ड

नदीच्या पुलाआधीचं ते वळण जुलै-ऑगस्टात कोणालाच आवडत नसे. पृथ्वीच्या त्या दक्षिण टोकाला तेव्हाच थंडी ऐन भरात असायची, वळण डोंगराच्या सावलीत, ऊन तिथवर पोचायचंच नाही. रस्त्यावर धरलेला बर्फ काचेसारखा गुळगुळीत होऊन महिनोन् महिने तसाच राहायचा. एदुविना तिथून रोज जायची. पहिला गिअर, ब्रेकला पाय लावायचा नाही, श्वास रोखून धरायचा आणि पूल आला की सोडायचा.

त्या मंगळवारी एक ससा आडवा आला आणि तिचा पाय ब्रेकवर पडला.

जुनी हिरवी जीप आवाज न करता बाजूला सरकत गेली. एदुविना स्टिअरिंग फिरवत होती, पण गाडी ऐकत नव्हती. रस्त्याकडेच्या कुंपणाच्या जाड खांबावर उजवी बाजू आदळली, काच फुटली आणि सगळं शांत झालं. तिला काही लागलं नव्हतं. खाली उतरून तिनं पाहिलं. हेडलाइटच्या जागी भोक, बंपर एका बाजूनं लोंबतोय आणि मडगार्ड असं आत चेपलंय की टायरला टेकलंय.

"शुक्रवारी मार्सियाल येणार," ती मोठ्यानं म्हणाली. ऐकायला कोणी नव्हतं.

मार्सियाल तिचा एकुलता एक मुलगा. तो दूर उत्तरेला, कालामाच्या वाळवंटात तांब्याच्या खाणीत कामाला होता. जानेवारीत तो आला, त्याच सुमाराला एदुविनाची गाडी फाटकाला घासून आरसा तुटला होता. तेव्हा तो चिडला नव्हता, हेच वाईट होतं. तिचे दोन्ही हात हातात घेऊन तो हळू आवाजात म्हणाला होता, "आई, पुढच्या वेळी गाडीवर नुसता ओरखडा जरी दिसला ना, तरी मी गाडी विकणार आणि तुला माझ्याकडे घेऊन जाणार. मग रडू नकोस."

तो बोलला म्हणजे करणारच, हे तिला ठाऊक होतं. आणि ती कालामाला गेली तर एरिबेर्तोला कोण भरवणार?

एरिबेर्तो, तिचा नवरा, कोयाइके गावातल्या वृद्धाश्रमात होता. त्याचं डोकं हळूहळू रिकामं होत चाललं होतं. लाकूडतोडीचे दिवस गेले, भावांची नावं गेली, घर कुठे होतं तेही गेलं. पण दुपारी एदुविना दारात दिसली की तो खुर्चीत सरळ बसायचा आणि लहान मुलासारखं तोंड उघडायचा. दुसऱ्या कोणी चमचा पुढे केला तर ओठ गच्च मिटून घ्यायचा. गाडी होती म्हणून ती रोज जात होती. तिच्या खोऱ्यातून गावात जाणारी मिनीबस आठवड्यातून दोनदाच, मंगळवारी आणि शुक्रवारी, आणि टॅक्सीवाले तर त्या वळणाचं नाव काढलं की फोन ठेवायचे.

तिनं मडगार्ड दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. पत्रा तसूभरही हलला नाही. मग तिनं लाकडं बांधायचा दोर काढला, एक टोक मडगार्डच्या कडेला अडकवलं, दुसरं झाडाला बांधलं आणि चाकाखाली माती टाकून गाडी मागे घेतली. कडाड् आवाज झाला. तिला वाटलं, गेलं सगळं तुटून. पण टायर मोकळा झाला होता. लोंबणारा बंपर त्याच दोरानं बांधून ती रांगत्या वेगानं गावात पोचली.

एरिबेर्तोसमोरचं सूप गार झालं होतं. "सकाळपासून दाराकडे बघतायत," यास्ना म्हणाली. ती तिथली परिचारिका, तोंडाची फटकळ पण मायाळू; गावातल्या सगळ्यांसारखी तीही एदुविनाला मानानं 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणायची. "मी भरवायला गेले तर माझ्यावरच थुंकले. असा नवरा तुम्हालाच लखलाभ होवो, दोन्या!"

एदुविनानं सूप गरम करून आणलं, त्याला भरवलं, तोंड पुसलं. 

तिथून ती थेट सिक्स्तोच्या गॅरेजला गेली. डेंटिंग-पेंटिंगचं काम गावात त्याच्यासारखं कोणी करत नसे. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि डोक्यावरची लोकरीची टोपी मागे सरकवली.

"दोन्या एदुविना, खांबाला मिठी मारलीत का काय?"

"शुक्रवारपर्यंत पाहिजे, सिक्स्तो."

"कुठला शुक्रवार? सप्टेंबरातला?"

"या आठवड्यातला. मार्सियाल यायच्या आत. त्याला कळता कामा नये."

सिक्स्तो हसायचा थांबला. मार्सियालला तो लहानपणापासून ओळखत होता. त्यानं गॅरेजच्या टोकाच्या खोलीकडे बोट दाखवलं. दाराच्या फटीतून पांढरा पत्रा दिसत होता. "ती बघा. दवाखान्याची ॲम्ब्युलन्स. शेकोटी असलेली खोली माझ्याकडे एवढी एकच. बाहेर या गारठ्यात रंग मारला तर सालीसारखा निघून येईल. पत्रा मी आत्ता ठोकून देतो. बंपर गरम पाण्यानं बसवतो. पण खळग्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासायची, प्रायमर, मग रंग, आणि प्रत्येक वेळी सुकायला ऊब पाहिजे. ती कुठून आणू?"

"माझ्या स्वयंपाकघरात चूल दिवसरात्र पेटलेली असते," एदुविना म्हणाली.

"मग जीप स्वयंपाकघरात घालणार?"

"जीप नाही. मडगार्ड खोलून दे. मी करते."

"तुम्ही?"

"भिंतीला चुना लावलाय, खिडक्या रंगवल्यात. एरिबेर्तोची दाढीही करते. दाखव मला."

सिक्स्तोला नाही म्हणायचं होतं, पण तिचा चेहरा बघून त्यानं पाना उचलला. मडगार्ड खोलून, आतून लाकडी ठोकळा लावून त्यानं हातोडीनं पत्रा बराचसा सरळ केला. लांबीचा डबा, घासकागद, प्रायमर आणि रंगाचा फवारा तिच्या पिशवीत भरला. "हा हिरवा आता कोणी बनवत नाही. जवळपासचा देतोय. आणि चुलीच्या फार जवळ ठेवू नका, ऐकताय ना?"

ती ऐकत होती, पण घाईत होती. दुपारची मिनीबस गाठून ती मडगार्ड घेऊन घरी आली. त्याच दिवशी लांबी भरली, चुलीच्या वर कपडे वाळवायची दांडी होती तिला पत्रा टांगला आणि लवकर सुकावं म्हणून चुलीत भरपूर लाकडं घातली. बुधवारी सकाळी पाहिलं तर लांबीला फोड आले होते. बोट लावलं तशी पापडासारखी तुटून फरशीवर पडली.

एदुविना खाली बसली. रडायला वेळ नव्हता, पण थोडं रडू आलंच. मग तिनं सगळं खरवडून काढलं आणि पुन्हा भरलं, या वेळी पातळ थर देऊन, दांडी खिडकीकडे सरकवून. सुकलं की पाणी लावून घासायचं, हाताच्या तळव्यानं चाचपायचं, कुठे खळगा लागला की पुन्हा भरायचं. बोटांची टोकं सोलवटली. कोंबड्यांना दाणे टाकायचेही राहून गेले.

दुपारी फोन वाजला. यास्ना होती.

"दोन्या, आज येताय ना? ते काही खात नाहीयेत."

"गाडी बंद पडलीय. शुक्रवारी येते. तू जरा समजव त्यांना."

"काय समजवू? मी चमचा पुढे केला की भिंतीकडे तोंड करतात."

गुरुवारी पुन्हा फोन आला. या वेळी यास्ना चेष्टा करत नव्हती. "पाणी तेवढं घेतलं. डॉक्टर म्हणतात, उद्यापर्यंत बघू, नाहीतर सलाईन लावायचं. तुम्ही बोला त्यांच्याशी." फोन एरिबेर्तोच्या कानाला लागल्याचा आवाज आला.

"एरिबेर्तो, मी बोलतेय. एदुविना. जेवून घे रे. मी येतेच आहे."

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मग फोन कशाला तरी आपटला.

तिनं अंगावर घोंगडीसारखा लोकरी पोंचो टाकला आणि निघाली. चालत तर चालत. एखादा लाकडाचा ट्रक भेटेल, नाहीतर पोलिसांची गाडी. बर्फ भुरभुरत होता. रस्त्यावर चाकांची एकही ताजी खूण नव्हती. ती वळणाशी पोचली आणि तिथे पाय घसरून ती अशी बसली की काही वेळ उठताच येईना. एकही गाडी आली नाही. तिथे बर्फात बसल्या बसल्या तिच्या मनात आलं की चूल विझली असेल, आणि सकाळी मारलेला रंगाचा पहिला हात वाया जाईल.

नवरा उपाशी आहे आणि आपल्याला पत्र्याची काळजी पडलीय! तिनं स्वतःच्याच तोंडात मारल्यासारखा हात गालावर दाबला. तरी ती उठली ती घराकडेच वळली. गावापर्यंतचा रस्ता तिच्या पायांत नव्हता.

शुक्रवारी सकाळी घोंगडीत गुंडाळलेलं मडगार्ड मांडीवर घेऊन ती मिनीबसमध्ये बसली. ड्रायव्हरनं मागे वळून विचारलं, "दोन्या, बाळ कोणाचं?" बसमधले हसले. एदुविनानं घोंगडी आणखी घट्ट धरली. रंग अजून किंचित चिकट होता.

सिक्स्तोनं घोंगडी उघडली, बोटानं कड तपासली आणि मान हलवली. "माझ्याकडे नोकरी कराल का?" ती हसली नाही. त्यानंही मग वेळ घालवला नाही. मडगार्ड बसवलं, भंगारातल्या गाडीचा हेडलाइट लावला. काच थोडी पिवळट होती, आणि उन्हात हिरव्याला हिरवा जुळत नव्हता, पण ढगाळ दिवस होता. जरा लांबून बघणाऱ्याला काही कळलं नसतं.

"झालं बघा," सिक्स्तो म्हणाला. "त्याचा बाप आला तरी ओळखणार नाही."

वृद्धाश्रमात शिरताना एदुविनाला वाटत होतं की सुटले. एरिबेर्तो खिडकीशी बसला होता. गालफडं वर आली होती. तिनं खुर्ची ओढली, सुपाचा चमचा भरला आणि त्याच्यापुढे धरला.

"घे. आले की नाही मी?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. नीट, सभ्यपणे पाहिलं. अनोळखी माणसाकडे पाहतात तसं.

"राहू द्या, बाई," तो म्हणाला. "माझी बायको येईल आता. ती भरवते मला."

"अरे, मीच ती."

"ती उशीर करत नाही कधी," एरिबेर्तोनं तिला समजावलं आणि दाराकडे बघू लागला.

तिनं पुन्हा चमचा धरला. नाव सांगितलं, त्याचं सांगितलं, मुलाचं सांगितलं. त्याची टोपी तिनंच विणली होती, ती दाखवली. तो तिची कीव आल्यासारखा मान हलवत राहिला. सूप तिच्या स्कर्टवर सांडलं. यास्ना दारात उभी राहून हे बघत होती, तिनं तोंड फिरवलं.

संध्याकाळी मार्सियाल विमानतळावरून थेट तिथेच आला. बॅग खांद्यावरच होती. आईला वाकून मिठी मारत तो म्हणाला, "बाहेर गाडी बघितली. मडगार्ड रंगवलंस? रंग वेगळा दिसतोय."

तिनं खिशातून किल्ली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"घे. विकून टाक. मंगळवारी खांबाला धडकले. तुला कळू नये म्हणून दोन दिवस घरी बसून पत्रा घासत होते. दोन दिवस आले नाही, मार्सियाल. आता हे मला ओळखत नाहीत."

मार्सियाल बॅग खाली ठेवून पुढे झाला. बापाजवळ जाऊन बसला, त्याचा हात धरला. बापानं तो हात परका असल्यासारखा काढून घेतला.

"माझ्या भीतीनं?" मार्सियालनं विचारलं.

"मग कोणाच्या?"

"मी नुसतं भीती दाखवायला बोललो नव्हतो, आई. खोटं कशाला सांगू? तिकडे फोन वाजला की मला वाटतं, आई नदीत गेली. दर वेळी वाटतं. म्हणून बोललो." त्यानं बापाकडे पाहिलं. "पण यांना उपाशी ठेवायला मी सांगितलं नव्हतं गं."

"सांगितलं नव्हतंस," ती म्हणाली. "मीच ठेवलं."

दुसऱ्या दिवशी घरून गावात जाताना गाडी मार्सियालनं चालवली. वळणावर त्याचाही जीव वर आला. पूल ओलांडल्यावर कालामाचं नाव त्यानं परत काढलं नाही. यास्नाच्या मावशीकडे, आश्रमापासून दोन गल्ल्यांवर, एक खोली रिकामी होती. हिवाळा सरेपर्यंत एदुविनानं तिथे राहायचं ठरलं. कोंबड्या सिक्स्तोच्या बायकोनं नेल्या. चूल विझवताना एदुविनाला वाटलं, आपण या घराचं दार परत उघडू की नाही कोण जाणे. तिनं ते मार्सियालला सांगितलं नाही.

एरिबेर्तोला सलाईन लावलं होतं. रोज दुपारी ती सूप घेऊन त्याच्याशेजारी बसायची, आपण कोण ते न सांगता. तो रोज दाराकडे बघायचा. मार्सियालची सुटी संपून तो परत गेला, त्यानंतर केव्हातरी एका दुपारी तिनं चमचा पुढे केला तेव्हा त्यानं ओठ मिटले नाहीत. घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला.

"मीठ कमी आहे, बाई," तो म्हणाला.

"उद्या जास्त घालते," एदुविना म्हणाली आणि दुसरा चमचा भरला.